जेर्बाचा वारसा कोण सांभाळणार?

ट्युनिशियाच्या आग्नेय किनाऱ्यालगत, गाबेसच्या आखातात, जेर्बा नावाचे एक सपाट बेट आहे. १८ सप्टेंबर २०२३ रोजी सौदी अरेबियातील रियाध येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात या बेटाचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्याच अधिवेशनात शांतिनिकेतन आणि कर्नाटकातील होयसळ मंदिरे यांनाही हा मान मिळाला. त्या आनंदात जेर्बाकडे आपले लक्ष गेले नसल्यास नवल नाही. परंतु वारसा म्हणजे काय आणि तो जपायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याने या दूरच्या बेटाकडे अवश्य पाहावे. तेथे हा प्रश्न जितक्या अवघड स्वरूपात उभा आहे तितका तो फार थोड्या ठिकाणी असेल.

अडचण अशी की, जेर्बामध्ये दिपवून टाकणारी वास्तू जवळजवळ नाहीच. ट्युनिशियातील कार्थेजचे अवशेष आणि एल् जेम येथील प्रचंड रोमन रंगमंडल १९७९ सालीच यादीत गेले. कैरवानची सुप्रसिद्ध मशीद त्यानंतर नऊ वर्षांनी गेली. या स्थळांपुढे जेर्बाच्या मशिदी म्हणजे चुन्याचा हात दिलेली बुटकी घरेच. काही तर जमिनीच्या पोटात आहेत. वरून चालत गेले तरी खाली मशीद आहे हे कळू नये. मग यादीत गेले ते काय? तर वस्तीची एक रीत. पाण्याचे दुर्भिक्ष्य असलेल्या भूमीवर माणसांनी एकमेकांपासून किती अंतरावर राहावे, जमीन कशी वाटून घ्यावी, विहीर कुठे खणावी, बाजार आणि प्रार्थनास्थळ कुठे असावे, याची नवव्या शतकाच्या सुमारास घडलेली आणि हजार वर्षे टिकलेली व्यवस्था. युनेस्कोच्या वर्णनात तिचे प्रमुख लक्षण म्हणून सांगितलेली गोष्ट म्हणजे वस्तीचा विरळपणा. स्तंभाला कुंपण घालता येते आणि मूर्तीला पहारेकरी नेमता येतो. विरळपणाला कुंपण कसे घालणार?

ही व्यवस्था समजून घेतल्याखेरीज पुढील चर्चेला अर्थ नाही. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५१४ चौरस किलोमीटर. नदी नाही, डोंगर नाही, सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पन्नास-पंचावन्न मीटरच्या आतबाहेर. वर्षाचा पाऊस सरासरी २०० ते २५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. विहिरींना पाणी लागते, पण पुष्कळ ठिकाणी ते मचूळ. अशा ठिकाणी दाटीवाटीचे गाव वसले असते तर ते एका पिढीत तहानेने उठून गेले असते. म्हणून जेर्बाच्या लोकांनी गाव वसवलेच नाही. प्रत्येक कुटुंबाने आपापला ‘मेंझेल’ उभा केला. मेंझेल म्हणजे मातीच्या रुंद बांधांनी वेढलेली वाडी. बांधावर निवडुंग आणि घायपात लावलेले, आत ऑलिव्ह आणि खजुराची झाडे, त्यांच्या सावलीत थोडे धान्य व भाजीपाला, एक विहीर, पावसाचे पाणी साठवण्याची टाकी, आणि या सर्वांच्या मध्ये ‘हूश’, म्हणजे चौकाभोवती खोल्या असलेले, बाहेरच्या बाजूला जवळजवळ खिडक्या नसलेले पांढरे घर. कोकणातल्या गडग्याने वेढलेल्या घराची आठवण मराठी वाचकाला येथे सहज यावी. मात्र आपल्याकडे तो गडगा धो धो पावसाच्या देशात उभा असतो. जेर्बामध्ये मातीचा बांध पडेल तो थेंब अडवण्यासाठी आणि वाऱ्याने उडणारी वाळू थोपवण्यासाठी असतो.

मशिदींनाही हाच नियम लागू. बेटावर त्यांची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. छत आणि अंगण यांना चुना फासलेला असतो आणि उतार असा दिलेला असतो, की पावसाचे सारे पाणी खालच्या टाक्यात जावे. चुन्याने पाणी शुद्ध राहण्यासही मदत होते. म्हणजे पर्यटन खात्याच्या भित्तिपत्रकांवर निळ्या आभाळाखाली झळकणारा तो सुप्रसिद्ध पांढरा रंग प्रथम पाण्यासाठी आहे. सौंदर्य त्याच्या मागून आले. किनाऱ्यावरच्या मशिदी टेहळणीची ठाणी म्हणूनही उपयोगी पडत. हे बेट चाच्यांच्या आणि साम्राज्यांच्या वाटेवर होते. १५६० साली तुर्की आरमाराने स्पेनच्या आरमाराचा येथे धुव्वा उडवला, आणि मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कवट्यांचा रचलेला मनोरा १८४८ पर्यंत किनाऱ्यावर उभा होता. आज त्याच किनाऱ्यावरून पर्यटकांना ‘चाच्यांच्या गलबता’तून फिरवून आणतात. इतिहासाचा सूड हा असाही असतो.

बेटाच्या या साधेपणाचे दुसरे कारण धार्मिक आहे. येथील मुसलमानांत इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येने होते व आजही आहेत. सुन्नी आणि शिया या दोहोंपासून निराळा असा हा पंथ ओमानमध्ये प्रबळ आहे. उत्तर आफ्रिकेत अल्जीरियातील म्झाब, लिबियातील नफूसा डोंगर आणि जेर्बा येथे तो टिकून राहिला. सत्तेपासून दूर राहण्याची आणि डौलाविषयी संशय बाळगण्याची वृत्ती या मंडळींत मुरलेली आहे. त्यांच्याच शेजारी यहुदी राहात आले. त्यांच्या दोन वस्त्या बेटावर आहेत, आणि एर्रियाद गावातील त्यांचे ‘ग्रीबा’ हे प्रार्थनास्थळ आफ्रिका खंडातील सर्वांत पवित्र यहुदी स्थानांपैकी मानले जाते. जेरुसलेमच्या पहिल्या मंदिराच्या विध्वंसानंतर तेथून आणलेला अवशेष त्याच्या पायात आहे, अशी परंपरा सांगते. सध्याची इमारत मात्र फार जुनी नाही. दक्षिणेकडच्या गेल्लाला या गावी बर्बर बोलणारे कुंभार आहेत. त्यांची मडकी समुद्रात सोडून ऑक्टोपस पकडले जात. असे हे बेट. यात नजरेत भरावे असे थोडे. पण प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला टेकून उभी आहे.

आता या रचनेत एक गोष्ट पहिल्यापासून बाहेरची होती, ती म्हणजे पैसा. मेंझेल कुटुंबाला जगवी, पण श्रीमंत करीत नसे. म्हणून जेर्बाचा पुरुष शतकानुशतके व्यापारासाठी बाहेर पडला. तुर्की अमदानीत तो कैरो आणि इस्तंबूलला गेला, पुढे ट्युनिस शहरातील कोपऱ्याकोपऱ्यावर त्याचे किराणा दुकान लागले, आणि विसाव्या शतकात तो फ्रान्समध्ये पोचला. ‘जेर्बाचा वाणी’ हा शब्दप्रयोग तेथे रूढ झाला आहे. तो पैसा गावी पाठवी, आणि मेंझेलची डागडुजी होई. बाहेरच्या पैशावर जुने घर उभे राहावे, ही व्यवस्था तुटणारी नव्हती. कारण पैसा पाठवणाऱ्याचे मन घरात होते. आजच्या पैशाची तऱ्हा निराळी आहे.

तो पैसा आला पर्यटनातून. १९५४ साली, म्हणजे ट्युनिशिया स्वतंत्र होण्यापूर्वीच, एका फ्रेंच पर्यटन संस्थेने येथे तंबूंची सुट्टीची वसाहत उभारली. १९५६ च्या स्वातंत्र्यानंतर हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने परकीय चलनाची गरज ओळखून पर्यटनाला राष्ट्रीय उद्योगाचा दर्जा दिला, आणि १९७३ साली त्यासाठी जमिनी संपादन करणारी स्वतंत्र सरकारी संस्था काढली. जेर्बाच्या ईशान्य किनाऱ्यावर, सिदी महरेझच्या वाळूवर, मोठमोठ्या हॉटेलांची रांग उभी राहिली. विमानतळ झाला. युरोपातील मध्यमवर्गीय कुटुंब विमानाने उतरायचे, बसने हॉटेलात जायचे, आठवडाभर आवारातच खायचे-प्यायचे-पोहायचे आणि परत जायचे. सारा खर्च युरोपातच आगाऊ भरलेला असायचा. या बंदिस्त पर्यटनाने बेटाच्या अंतर्भागाला फारसा त्रास दिला नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. प्रथमदर्शनी तो बिनतोड वाटतो. पाहुणा किनाऱ्यावरच राहिला. मेंझेल शाबूत राहिले.

परंतु हा युक्तिवाद वरवरचा आहे. पर्यटक अंतर्भागात गेला नाही, तरी अंतर्भागातला माणूस किनाऱ्यावर गेला. ज्या वाडीत विहिरीचे पाणी काढायला, बांध घालायला, ऑलिव्ह वेचायला चार हात लागत, त्यांपैकी दोन हात हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले. पगार रोकडा होता. मुख्य भूमीवरूनही कामगार आले आणि त्यांना घरे हवी झाली. बांध खचले तर पुन्हा घालणारे कोणी उरले नाही. वारसा कायद्यानुसार मेंझेलचे तुकडे पडतच होते. पूर्वी वाटण्या कागदावर होत आणि बाग एकत्र राही, आता तुकडा विकून त्यावर काँक्रीटचे घर बांधणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरला. परदेशातून परतलेल्या जेर्बावासीयाने मोठा बंगला बांधला तर त्याला नावे कशी ठेवावीत? चाळीस वर्षे परमुलुखात दुकान चालवून त्याने तो बांधला आहे.

याहून खोल परिणाम पाण्याने केला. हॉटेलांना लागणारे पाणी बेटावर नव्हते. ते मुख्य भूमीवरून नळाने आणावे लागले. तेही पुरेना, म्हणून २०१८ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना येथे सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ५० हजार घनमीटर आहे. ही योजना वाईट होती असे कोण म्हणेल? उन्हाळ्यात तहानलेल्या बेटाला तिची गरज होती, आणि नळाचे पाणी मिळणे हा जेर्बाच्या गृहिणीचाही हक्क आहे. परंतु तिचा एक अर्थ फारसा कोणी बोलून दाखवला नाही. ज्या टंचाईमुळे माणसे विरळ राहात होती ती टंचाईच नळाने संपवली. विहिरीपासून अंतर राखण्याचे, छताचे पाणी टाक्यात नेण्याचे, बांध जपण्याचे व्यावहारिक कारण उरले नाही. दाट वस्ती आता शक्य झाली, आणि जे शक्य झाले ते घडू लागले. म्हणजे युनेस्कोने जी रीत पाण्याच्या दुर्भिक्ष्याशी माणसाने केलेली तडजोड म्हणून गौरवली, ती तडजोड करण्याचे प्रयोजन गौरवाच्या आधी पाच वर्षे बरेचसे संपले होते. रूप राहिले आहे, त्याचे कारण गेले आहे. कारण गेलेले रूप कशाच्या बळावर टिकवायचे, हा जेर्बाचा खरा प्रश्न आहे.

त्याची दोनच उत्तरे संभवतात. एक कायदा, दुसरे उपजीविका.

कायद्याची स्थिती पाहू. ट्युनिशियात १९९४ पासून वारशाची संहिता आहे आणि राष्ट्रीय वारसा संस्थाही आहे. परंतु संहितेची मांडणी मुख्यतः स्मारके, स्थळे आणि जुनी शहरे यांना समोर ठेवून झालेली आहे. साऱ्या बेटावर पसरलेल्या वाड्यांचे जाळे तिच्या चौकटीत सहज बसत नाही. बेटाच्या रक्षणासाठी स्थानिक लोकांनी १९७६ सालीच एक संघटना स्थापन केली होती. संभाव्य वारसा स्थळांच्या यादीत जेर्बाचे नाव २०१२ साली गेले, आणि अंतिम मान्यता २०२३ साली मिळाली. जवळजवळ अर्धशतकाचा हा पाठपुरावा राजधानीपेक्षा बेटावरच्या शिक्षकांनी, वास्तुशास्त्रज्ञांनी आणि हौशी इतिहासप्रेमींनी अधिक चिकाटीने केला, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मात्र मधल्या काळात २०११ ची क्रांती झाली. हुकूमशाही गेली आणि तिच्याबरोबर बांधकाम परवान्यांचा धाकही गेला. देशात सर्वत्र, आणि जेर्बातही, अनधिकृत बांधकामांना ऊत आला. त्याच सुमारास गेल्लाला येथील कचरा डेपोविरुद्ध गावकऱ्यांनी उठाव केला, तो २०१२ साली बंद पडला, आणि बेटाच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. हॉटेलांचा कचरा कुंभारांच्या गावाने का सोसावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी देशातील सर्व निवडून आलेल्या नगरपरिषदा बरखास्त केल्या. त्यानंतर सहा महिन्यांनी जेर्बा जागतिक वारसा झाले. कोणत्या वाडीत काय बांधू द्यायचे, कोणता बांध हलवू द्यायचा नाही, हे रोजच्या रोज ठरवणे ज्यांचे काम, ती हूमत सूक, मिदून आणि अजीम येथील लोकनियुक्त मंडळेच त्या वेळी अस्तित्वात नव्हती. कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती होता. ट्युनिसमधून नेमलेला सचिव मेंझेलच्या वाटणीतला तंटा सोडवील आणि भावाभावांना बाग न तोडण्याविषयी राजी करील, अशी अपेक्षा ज्यांना करायची असेल त्यांनी ती करावी.

राहता राहिली उपजीविका. पर्यटनातून आलेला पैसाच वारशाच्या जतनाला लावावा, हा विचार आज सर्वमान्य झाला आहे. त्याची उदाहरणेही बेटावर आहेत. २०१४ साली एर्रियाद गावात जगभरच्या सुमारे दीडशे चित्रकारांना बोलावून पांढऱ्या भिंतींवर चित्रे काढून घेण्यात आली. गाव प्रसिद्धीला आले, काही जुनी घरे दुरुस्त होऊन त्यांत छोटी अतिथिगृहे निघाली, आणि किनाऱ्यावरचा पाहुणा प्रथमच आत शिरला. ते चुकीचे झाले असे म्हणवत नाही. पडक्या घरापेक्षा राहते घर केव्हाही बरे. पण या वाटेच्या टोकाला काय आहे याचा नमुनाही बेटावरच पाहायला मिळतो. १९७६ साली ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटाच्या काही प्रसंगांचे चित्रीकरण अजीममध्ये आणि त्याजवळच्या किनाऱ्यावर झाले. अजूनही पाहुणे ते ठिकाण शोधत येतात. समोरच्या इमारतीत मच्छीमार काय करीत असे, हे त्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटत नाही. हूशच्या चौकात पोहण्याचा तलाव खणला की तेथेही हेच होते. पांढरी भिंत राहते, टाके जाते.

शिवाय पर्यटनाचा हा टेकू स्वतःच किती डळमळीत आहे, हे जेर्बाइतके कोणी अनुभवलेले नाही. ११ एप्रिल २००२ रोजी ग्रीबासमोर अल् कायदाच्या माणसाने गॅसचा टँकर उडवला. मृतांत जर्मन पर्यटकांची संख्या मोठी होती. २०१५ साली सूस येथील किनाऱ्यावर ३८ जणांची हत्या झाली आणि शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जेर्बाची हॉटेले ओस पडली. पाठोपाठ महासाथ आली. ९ मे २०२३ रोजी ग्रीबाची वार्षिक यात्रा चालू असताना राष्ट्रीय रक्षक दलाच्याच एका जवानाने गोळीबार केला. दोन यात्रेकरू आणि तीन सुरक्षा कर्मचारी प्राणास मुकले. पुढल्या वर्षी, गाझातील युद्धाच्या पार्श्वभूमीवर, यात्रेचा समारंभ मंदिराच्या आतल्या विधींपुरता मर्यादित ठेवावा लागला. प्रत्येक आघाताबरोबर कामावरून कमी झालेला माणूस घरी परततो. पूर्वी घरी वाडी होती आणि वाडीत ऑलिव्ह होते. आता घरी प्लॉट आहे.

येथे यहुदी वस्तीचा मुद्दा वेगळा काढून पाहिला पाहिजे, कारण वारसा कशाने टिकतो याचे उत्तर शोधताना तो डावलता येत नाही. १९४८ साली ट्युनिशियात एक लाखाच्या आसपास यहुदी होते. आज दीड हजारांच्या घरात उरले आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य जेर्बामध्ये आहेत. देशातील इतर शहरांत त्यांची प्रार्थनास्थळे इमारती म्हणून उरली. येथे समाज उरला. याचे कारण सरकारी संरक्षण नव्हे आणि पर्यटनही नव्हे. हूमत सूकच्या बाजारात त्यांचा सोनाराचा धंदा आहे, त्यांच्या मुलांच्या धार्मिक शाळा भरतात, लग्ने आपसांत होतात, आणि शेजारच्या मुसलमान गिऱ्हाइकाशी त्यांचे हिशेबाचे आणि ओळखीचे नाते आहे. ग्रीबा पाहण्यासाठी परदेशातून लोक येतात. पण ग्रीबा टिकली ती आळीत रोज उघडणाऱ्या दुकानांमुळे. बंदूकधारी पहाऱ्याने तिचे आयुष्य वाढेल, तिच्यातले माणसांचे येणेजाणे मात्र वाढणार नाही.

मेंझेललाही हेच लागू आहे. जो वाडीत राहून वाडीवर काही प्रमाणात तरी जगू शकेल, तोच बांध घालील. त्यासाठी यादीतल्या क्षेत्रातील ऑलिव्ह आणि खजूर यांना भाव मिळवून देणे, वाटणी न करता बाग एकत्र ठेवणाऱ्या वारसांना करात सवलत देणे, चुना, माती आणि खजुराचे लाकूड यांत काम करणाऱ्या गवंड्यांना नियमित काम पुरवणे, नव्या घराला परवानगी देताना पावसाच्या पाण्याचे टाके सक्तीचे करणे, या गोष्टी स्मारकांच्या रंगरंगोटीपेक्षा निकडीच्या आहेत. त्या कंटाळवाण्या आहेत आणि त्यांचे उद्घाटन करता येत नाही, हे खरे. त्यांना लागणारा पैसा किनाऱ्यावरच्या प्रत्येक खाटेमागे घेतलेल्या अल्पशा आकारणीतून उभा करता येईल. अट एवढीच की तो राजधानीच्या तिजोरीतून फिरून येता कामा नये. हॉटेलमालक तक्रार करतील. पण त्यांच्या भित्तिपत्रकांवर जी पांढरी मशीद आहे, तिचे भाडे त्यांनी आजवर दिलेले नाही.

बेटवासीयांच्या हरकतीचाही विचार व्हायला हवा. ‘किनारा तुम्ही हॉटेलवाल्यांना दिला, तेव्हा वारसा आठवला नाही, माझ्या मुलाने आजोबांच्या वाडीत दोन खोल्या काढायच्या म्हटल्यावर मात्र तो आठवतो,’ असे तेथला माणूस म्हणाला, तर त्याला खोटे पाडता येणार नाही. नगरपरिषदा पुन्हा निवडून आल्या तर या माणसाशी कोणीतरी समोरासमोर बसून बोलू शकेल. तोवर परवाना देणारा अधिकारी बदलून जाईल, आणि दोन खोल्यांसाठी लागणाऱ्या विटा रात्रीतून वाडीत येऊन पडलेल्या असतील.